'नदी आलं होतं': कुपवाडच्या तीन भाषांची केस

चौथीत होतो. पुरावर निबंध लिहायचा होता, त्यात मी लिहिलं, "त्या वर्षी आमच्याकडे नदी आलं होतं." गुरुजींनी तांबड्या पेनने 'आलं होतं' खोडून 'आली होती' केलं आणि नदी स्त्रीलिंगी असते एवढं तुम्हा लोकांना कळत नाही का असं सगळ्या वर्गासमोर विचारलं. 'तुम्हा लोकांना' म्हणजे घरात कन्नड बोलणाऱ्या जैनांना, हे मला तेव्हाच कळलं. पण ती चूक आली कुठून हे कळायला पुढची वीसेक वर्षं गेली, आणि कळलं ते एका अमेरिकन विद्यापीठातल्या संशोधकाच्या लेखातून, ज्यात जवळजवळ हेच वाक्य मांडून ठेवलं होतं. 'नदी आलं होतं'. आणि ते वाक्य होतं आमच्या शेजारच्या कुपवाडचं.

म्हणून ही केस नीट लिहून काढतोय. जगात कुठेही भाषाशास्त्र शिकणाऱ्या पोराला 'कुपवार' (इंग्रजी लेखातलं कुपवाडचं नाव) माहीत असतं, आणि सांगली-मिरजेत कुणालाही कुपवाड विचारा, तो एमआयडीसीचा रस्ता दाखवेल. आपल्या उंबऱ्यावरची गोष्ट आपल्यालाच माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

गाव आणि त्यातली माणसं

दख्खनच्या पठारावर उत्तरेकडून आलेल्या इंडो-आर्य भाषा आणि दक्षिणेच्या द्रविड भाषा एकमेकींना भिडतात. नकाशात तिथे एक रेघ असते, पण जमिनीवर ती रेघ कुठेच सापडत नाही, तिथे एक रुंद पट्टा आहे, कोल्हापूर, सांगली, बेळगाव, विजापूर, सोलापूर, कलबुर्गी, बिदर असा, आणि त्या पट्ट्यात एका गावात दोन-तीन भाषा असणं हेच नॉर्मल. नवव्या शतकातला कविराजमार्ग हा कन्नड ग्रंथ कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचं सांगतो, आणि गोदावरी म्हणजे आपलं पैठण, नांदेड. तर कन्नड सांगलीत 'आली' असं म्हणणंच चुकीचं, ती इथलीच. मग यादव, १३४७ पासून बहमनी, त्यानंतर विजापूरची आदिलशाही जी १६८६ पर्यंत टिकली, पुढे मराठे आणि पटवर्धनांची संस्थानं. राज्यं बदलली तसे माणसांचे नवे थर येऊन बसले, पण आधीचा थर उठून गेला नाही. आदिलशाहीत गावपातळीवरचा महसुली कारभार मराठीत, दरबारात फारसी, शहरात दख्खनी (म्हणजे दक्षिणेतली उर्दू) आणि वाड्यावस्त्यांवर कन्नड, हे सगळं एकाच वेळी चालू होतं आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नव्हतं.

१९६० च्या दशकात जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी कुपवाडचा अभ्यास केला. गंपर्झ बर्कलीचे, जन्माने जर्मन, भारतात बरंच फील्डवर्क केलेले. कुपवाड तेव्हा साधारण ३ हजार वस्तीचं खेडं. जैन सगळ्यात जास्त, ते जमीनदार-शेतकरी आणि घरात कन्नड. लिंगायत, बहुतेक कारागीर, त्यांचीही कन्नड. मुसलमान शेतकरी, त्यांची घरची बोली उर्दू म्हणजे खरं तर दख्खनी. दलित आणि इतर भूमिहीन मजूर मराठी बोलणारे. आणि दोर वळणारी काही घरं तेलुगू. कन्नड आणि मराठीवाली घरं गावात ६०० वर्षांहून जास्त काळ, उर्दूवाली तीन-चारशे वर्षं, तेलुगूवाली सगळ्यात शेवटी आलेली. पुरुष जवळजवळ सगळे दोन तरी भाषा बोलणारे, बरेच तीन.

आता प्रश्न असा की इतकी शतकं एका गावात, एका बांधावर राहून या भाषा एक का झाल्या नाहीत? जगातल्या बऱ्याच ठिकाणी असं होतं की एक भाषा दुसरीला गिळते, नाहीतर दोन्हीतून तिसरी मिश्र भाषा तयार होते. १९६८ मध्ये जमैकात मोना इथे मिश्र भाषांवर मोठी परिषद झाली, तिथली चर्चा पुढे १९७१ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि कुपवाडवरचा लेख त्याच पुस्तकात आहे.

वाक्यं समोर ठेवली की दिसतं

लेखातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आधी सांगतो. शेतातून आलेला माणूस म्हणतोय की थोडा पाला कापून आणला. देवनागरीत साधारण असं होईल.

मराठी: पाला जरा कापून घेऊन आलो.
उर्दू: पाला जरा काट के ले के आया.
कन्नड: तापला जरा खोदी तगोंडी बैन.

एकाखाली एक ठेवून वाचा. पहिला शब्द पहिल्याखाली, 'जरा' तिन्हीत तसाच, मग कापण्याचं रूप, मग घेण्याचं, मग येण्याचं. 'कापून'मधल्या 'ऊन'च्या जागी उर्दूत 'के' आणि कन्नडमध्ये 'ई'. कुठेही मागेपुढे करावं लागत नाही. म्हणजे एक भाषा येणाऱ्या माणसाला दुसरी बोलायची तर वाक्य नव्याने रचायचं नाहीच, आहे त्या साच्यात शब्द बदलायचे. गंपर्झ आणि विल्सन यांचं म्हणणं थोडक्यात हेच, की कुपवाडच्या रोजच्या बोलण्यात ग्रामर जवळजवळ एकच आहे आणि शब्दांचे डबे तीन आहेत.

मला हे वाचून धक्का बसला नव्हता, ओळख पटली होती. आमच्या घरात आज्जी म्हणायची "नीर तगोंड बा", आज्जा मळ्यात गड्याला म्हणायचा "पाणी घेऊन ये", आणि बांधाला लागून ज्यांचं शेत ते चाचा स्वतःच्या पोराला म्हणायचे "पानी लेके आ". मी पाच-सहा वर्षांचा असताना या तीन भाषा आहेत हेच मला माहीत नव्हतं, मला वाटायचं की पाण्याला आज्जीसमोर नीर म्हणायचं असतं.

पण नुसता शब्दांचा क्रम सारखा असणं ही मोठी गोष्ट नाही हे मान्य करायला पाहिजे. भारतातल्या बहुतेक भाषांत क्रियापद शेवटीच येतं, आणि 'करून', 'घेऊन' सारखी रूपं पण सगळीकडे आहेत. १९५६ मध्ये भाषाशास्त्रज्ञ एमेनो यांनी भारत हे एक भाषिक क्षेत्र आहे, म्हणजे वेगळ्या कुळांतल्या भाषा इथे शेजाराने सारख्या झाल्यात, असं मांडलं ते याच जोरावर. कुपवाडची केस खास ठरते ती यापुढे, जिथे प्रमाण भाषा वेगळं वागतात आणि कुपवाडच्या बोली एकसारख्या वागतात.

लिंग बघा. मराठीत नदी ती, दगड तो, झाड ते, कुठलं काय हे पाठच करायला लागतं. उर्दूत पण तसंच, फक्त दोन लिंगं. कन्नडमध्ये हे एकदम सरळ, पुरुष असेल तर पुल्लिंग, बाई असेल तर स्त्रीलिंग आणि बाकी सगळं नपुंसक, मग ती नदी असो की म्हैस. कुपवाडच्या मराठीने कन्नडचा हा नियम घेतला. म्हणून 'तिथं नदी आलं होतं'. आणि उर्दूत नपुंसकलिंग नाही त्यामुळे तिथे नदी पुल्लिंगी झाली, 'नदी आया था'. हे कन्नड घरातून आलेल्या माणसाचं तुटकं मराठी नव्हे, कुपवाडचे पिढीजात मराठीवालेसुद्धा असंच बोलत होते. माझ्या वहीतली ती चूक म्हणजे गावाच्या मराठीचा नियम होता, आणि गुरुजी बाहेरगावचे.

उलट दिशेने कन्नडनेही घेतलंय. पुस्तकी कन्नडमध्ये 'हे तुमचं घर' म्हणायला 'आहे' लागत नाही, 'इदु निम्म मने' एवढं पुरतं. कुपवाडच्या कन्नडमध्ये शेवटी 'ऐती' म्हणजे 'आहे' येतं, मराठीत 'हाय' आणि उर्दूत 'है' येतं तसं. 'तुमचं' या शब्दाचंही तेच, पुस्तकी कन्नडमध्ये 'तुमचं घर' आणि 'घर तुमचं' यात 'तुमचं'ची दोन वेगळी रूपं लागतात, मराठीत एकच, आणि कुपवाडच्या कन्नडनेही एकावरच भागवलं, 'निमद मनी'. प्रश्न विचारताना उर्दूतलं सुरुवातीचं 'क्या' उचलून शेवटी गेलं, 'घोडा दिया क्या', आपल्या 'घोडं दिलं का' सारखं.

म्हणजे कुणी एकच भाषा वरचढ होऊन बाकीच्यांना वाकवतेय असं चित्र नाही. लिंगाच्या बाबतीत कन्नडचं चाललं, 'आहे'च्या बाबतीत मराठी-उर्दूचं. उर्दूला सगळ्यात जास्त वळण बसलं आणि ते साहजिकच, घरं कमी आणि आलेली शेवटच्यांपैकी. पण इथे मला एक शंका नोंदवायचीय. यातल्या उर्दूच्या काही सवयी कुपवाडच्या एकट्याच्या नाहीत. 'मैंने रोटी खाई' ऐवजी 'मैं रोटी खाया' हे हैदराबादपासून विजापूरपर्यंत सगळ्या दख्खनीत ऐकू येतं, 'नको' तर मराठीतून उचललेलं आहेच, आणि ऐकणाऱ्याला धरून आपण सगळे म्हणायचं तर 'अपन' आणि त्याला सोडून म्हणायचं तर 'हम', हा फरकसुद्धा पठारावर बराच पसरलेला आहे. तेव्हा ही मुसलमान घरं कुपवाडला आली तेव्हा त्यांची भाषा अर्धी इथल्या साच्यात बसलेलीच असणार, तिचं सगळं श्रेय एका गावाला देता येत नाही. ऐतीवाली कन्नडसुद्धा सगळ्या उत्तर कर्नाटकात आहे. गाव छोटं, पट्टा मोठा, आणि शिजलं ते पट्ट्यात.

मग शब्द वेगळे का राहिले

माझ्या मते या केसचा जीव इथे आहे. ग्रामर इतकं एक झालं तर शब्द पण एक व्हायला काय हरकत होती? नीर, पाणी, पानी यातलं एक कुठलं तरी सगळ्यांनी घेतलं असतं.

लेखाचं उत्तर असं की गावात घर आणि बाहेर यांच्यात फार पक्की भिंत होती. लग्न आपल्या जातीत, जेवण आपल्या जातीत, देवधर्म आपापला. घरची भाषा ही त्या भिंतीची खूण. जैनाने घरात कन्नड बोलायची म्हणजे बोलायची, कारण ती सोडली तर आपण कोण हेच सांगता येणार नाही. आणि लोक भाषा ओळखतात ते शब्दांवरून, ग्रामरवरून नाही. आज्जीने 'आहे' शेवटी लावलं काय आणि नाही लावलं काय, कुणाच्या लक्षातही येत नव्हतं, पण तिने 'नीर'ऐवजी 'पाणी' म्हटलं असतं तर आज्जाने मान वर करून बघितलं असतं. जे कानाला दिसत नाही ते गुपचूप बदलत गेलं, जे दिसतं ते जपलं गेलं.

आणि बाहेर? बाहेर मराठी. इथे एक बारीक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. गावातले जमीनवाले दोन, जैन आणि मुसलमान, आणि दोघांचीही घरची भाषा मराठी नव्हती. जैनाने मुसलमानाशी कन्नड बोललं तर तो त्याला आपल्या घरात ओढतोय असं होणार, मुसलमानाने उर्दू बोललं तरी तेच. मराठीत बोललं की दोघंही आपापल्या घराबाहेर, अंगणात, बरोबरीने. मराठी तिथे सरकारची भाषा म्हणून चालत नव्हती, कुणाच्याच मालकीची नाही म्हणून चालत होती. आज मराठीच्या नावाने जे चालतं ते बघून मला ही मराठी फार जवळची वाटते, लोक आपणहून जिच्यात येऊन बसत होते ती.

पण हे गोड चित्र रंगवून थांबलो तर ते खोटं होईल. कुणाच्याच मालकीची नाही म्हटलं, पण मराठी गावात काही लोकांची आईची भाषा होतीच, दलित आणि भूमिहीन मजुरांची. त्यांची भाषा सगळ्यांना चालली, त्यांच्या हातचं पाणी चाललं नाही. ज्या भिंतीने कन्नड जपली तीच भिंत ही पण होती. आमच्या घरातली कन्नड टिकली याचा मला आनंद आहे आणि ती कशाच्या जोरावर टिकली हे पण मला ठाऊक आहे, या दोन्ही गोष्टी मी एकत्र धरूनच बोलतो.

दुसरं जे सुटलंय ते बायकांचं. सगळी मांडणी कामाच्या ठिकाणच्या, बाजारातल्या बोलण्यावर उभी आहे, म्हणजे मुख्यतः पुरुषांच्या. लग्न होऊन दुसऱ्या गावातून आलेली बाई काय बोलत होती? माझी आज्जी कर्नाटकातल्या अथणी भागातून आलेली, तिला मराठी लग्नानंतर आलं, ते पण मळ्यात भांगलणीला येणाऱ्या बायकांकडून, आणि त्यांना थोडं कन्नड तिच्याकडून. दर पिढीत बाहेरून आलेल्या अशा बायकांनी घरातली कन्नड ताजी ठेवली असं मला वाटतं. आणि तेलुगूवाली दोरवाली घरं, त्यांचा उल्लेख आहे पण तुलना तीनच भाषांची आहे. चौथ्या भाषेचं काय झालं हे वाचायला मला फार आवडलं असतं.

त्यानंतर

खरं तर अभ्यास सुरू होण्याआधीपासूनच पायाखालची जमीन सरकत होती. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यं झाली, बेळगाव, विजापूर म्हैसूर राज्यात गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. कुपवाड महाराष्ट्रात, आज्जीचं माहेर पलीकडे. तोवर जी अंगणाची भाषा होती ती शाळेची, तलाठ्याची, नोकरीची झाली. त्याच्याही आधीपासून आमच्या समाजात मराठी शिक्षणाची ओढ होती, १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहं काढली, आणि रयत शिक्षण संस्था उभी करणारे कर्मवीर भाऊराव पाटील याच भागातल्या जैन घरातले. त्या शाळांनी आमच्यासारख्या हजारो घरांना वर काढलं, त्याबद्दल एक शब्दही वाकडा बोलणार नाही. पण शाळेची भाषा मग घरात आली. पूर्वी मराठी उंबऱ्यापर्यंत यायची आणि थांबायची, आता ती स्वयंपाकघरात आली, आणि आणली ती आमच्याच आईवडिलांनी, पोरांना वर्गात हसू नये म्हणून. माझ्या त्या निबंधाच्या दिवशी संध्याकाळीच वडिलांनी ठरवलं की यापुढे पोरांशी मराठीतच बोलायचं. माझी धाकटी बहीण तेव्हा दोन वर्षांची. तिला कन्नड समजतं पण बोलता येत नाही.

कुपवाडही ते राहिलं नाही. एमआयडीसी आली, १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका झाली, कारखान्यांत उत्तरेकडचे कामगार आले आणि त्यांच्यासोबत वेगळीच हिंदी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी साधारण ४० वर्षांनी या गावातला भाषेचा बदल पुन्हा तपासला आणि गंपर्झ-विल्सन यांच्या मूळ दाव्याची कसून चिकित्सा केली, ते काम मराठी वाचकांपर्यंत जितकं पोचायला पाहिजे तितकं पोचलेलं नाही.

सीमाभागावर भांडण निघालं की दोन्हीकडचे लोक म्हणतात की आमची भाषा भेसळीने मरतेय. कुपवाड बघितल्यावर मला हे पटत नाही. तिथे ग्रामरपर्यंत भेसळ झाली, कित्येक शतकं झाली, आणि तिन्ही भाषा जिवंत होत्या. कन्नड खिळखिळी झाली ती आमच्या घरात, ज्या संध्याकाळी ती पोरांशी बोलायची बंद केली तेव्हा. मराठीत तूप आहे, अण्णा आहे, अक्का आहे, हे सगळं कन्नडशी नातं सांगणारं, पण कुणी त्यावरून मराठी मेली म्हणत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलाच्या बातम्या टीव्हीवर दिवसभर चालू होत्या, आई खुर्चीत बसून बघत होती. पाणी गावभागात शिरलं तशी ती स्वतःशीच म्हणाली, "नदी आलंय गं बाई." माझी मुलगी शेजारी अभ्यास करत होती, तिने मान वर न करता सांगितलं, "आज्जी, आलीय म्हणतात." मी तिला म्हटलं वही दे जरा इकडे. मग आईला विचारलं की हेच कन्नडमध्ये सांग. आई कितीतरी वेळ गप्प बसली, मला वाटलं विसरली, मग म्हणाली, "होळी बंदैती." मी मुलीला दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहायला लावली. नदीखाली होळी आली, आलंयखाली बंदैती. तिने थोडा वेळ बघितलं आणि आज्जीला विचारलं, पाऊस कसा म्हणायचा.